एकदा काढलेला फर्मा पुन्हा का काढायचा?

उल्हासनगर कॅम्प २ मध्ये गजानंद मार्केटच्या आसपास कापडाचा किंवा तयार कपड्यांचा धंदा करणाऱ्याला आज ना उद्या संगणकवाल्याच्या दुकानाची पायरी चढावी लागते. पूर्वी कटिंग मास्टर पुठ्ठ्याचा फर्मा कापून देत असे. भोक पाडून, दोरीत ओवून तो भिंतीवरच्या खिळ्याला टांगला की वर्षानुवर्षे चाले. आता तो फर्मा संगणकात गेला आहे. कोणाकडे ऑटोकॅड, कोणाकडे कोरल, मोठ्या कारखान्यात खास पॅटर्नसाठी बनवलेले सॉफ्टवेअर. फर्मा संगणकात गेला म्हणजे खर्च कमी व्हायला हवा होता. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी उलटे घडते. मालक तोच खिसा, तोच बेल्ट, तीच बाही दर ऑर्डरला नव्याने काढून घेतो आणि दर वेळी मजुरी मोजतो. काढणारा मुलगाही इमानदारीने तासभर बसून पुन्हा काढतो. दोघांपैकी कोणाचीच नियत खोटी नसते. आधी केलेले काम परत वापरण्याची सोय त्याच की-बोर्डवर आहे, ती दोघांनाही नीट माहीत नसते, एवढेच.

ही सोय काय आहे, ती कुठे उपयोगी पडते आणि कुठे दगा देते, हे आपल्या धंद्याच्या भाषेत समजून घेऊ. ज्यांना संगणकाला हात लावायचा नाही त्यांनीही वाचावे, कारण पैसे त्यांच्याच गल्ल्यातून जातात.

जरीकाम करणाऱ्या कारागिरांना ही गोष्ट सांगावी लागत नाही. त्यांच्याकडे खाका असतो. बटर पेपरवर नक्षी काढायची, सुईने रेघेवर बारीक भोके पाडायची, मग तो कागद कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेली पूड फिरवायची. नक्षी कापडावर उतरते. खाका एकदा बनतो आणि शेकडो वेळा छापतो. भिवंडी-मालेगावच्या विणकराला जॅकार्डचे पंच केलेले पत्ते ठाऊक आहेत. तोही खाकाच, लोखंड आणि पुठ्ठ्याच्या भाषेतला. म्हणजे काम एकदा करून पुन्हा वापरणे हा आपल्या हुनराचा जुना कायदा आहे. संगणकाने तो नव्याने शोधलेला नाही.

संगणकावर हा विचार आला तोही बराच जुना. अमेरिकेत एमआयटी येथे आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली स्केचपॅड नावाचा कार्यक्रम तयार केला. पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने चित्र काढता येई. त्यातली खरी करामत वेगळीच होती. एक मूळ आकृती ठेवायची, तिच्या हव्या तितक्या नकला चित्रात बसवायच्या, आणि मूळ आकृतीत बदल केला की सर्व नकला आपोआप बदलत. आज ऑटोकॅडमध्ये ज्याला ब्लॉक म्हणतात त्याचे बीज हेच. कॉपी, कट, पेस्ट ही त्रयी त्यानंतरची. झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात ती रुजवली. टेस्लर २०२० साली वारले. झेड, एक्स, सी, व्ही ही चार बटणे डाव्या हाताखाली शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळे उजवा हात माऊसवर ठेवून डाव्या हाताने काम चालते.

जुन्या ऑपरेटरांची एक गंमत सांगतो. ऑटोकॅड १९८२ साली बाजारात आले. डॉसवर चालणाऱ्या त्याच्या जुन्या आवृत्त्यांत कंट्रोल आणि सी दाबले की चालू आदेश रद्द होत असे. पुढे विंडोजवर आल्यावर रद्द करण्याचे काम एस्केपकडे गेले आणि कंट्रोल-सी म्हणजे नक्कल झाली. ज्यांची बोटे आधी तयार झाली होती त्यांना ही सवय मोडायला वेळ लागला.

आता मुद्द्याचे. ऑटोकॅडमध्ये नक्कल करण्याचे मार्ग अनेक आहेत आणि प्रत्येकाचे काम वेगळे आहे. एकाच ड्रॉइंगमध्ये खिशाशेजारी आणखी एक खिसा हवा असेल तर सीओ टाइप करून एंटर दाबावे. नुसते सी दाबले तर वर्तुळ काढण्याचा आदेश सुरू होतो. नवे शिकणारे इथेच गोंधळतात. सीओ दिल्यावर सॉफ्टवेअर विचारते, कुठे धरून उचलू? खिशाचा कोपरा दाखवा, मग ठेवायची जागा दाखवा. जितक्या वेळा टिचकी माराल तितके खिसे. ओळीने किंवा चौकटीत ठराविक अंतरावर मांडायचे असतील तर एआर. शेवटचा आदेश पुन्हा हवा असेल तर काहीही न लिहिता स्पेस किंवा एंटर दाबावे. दिवसभरात किती वेळा तोच आदेश पुन्हा लिहिला जातो हे मोजले तर या एका बटणाची किंमत कळेल.

एका ड्रॉइंगमधून दुसऱ्यात न्यायचे असेल तेव्हा कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही. बहुतेकांना एवढेच येते आणि इथेच माप घसरते. साध्या कंट्रोल-सीने उचललेली वस्तू तिच्या डाव्या-खालच्या कोपऱ्याला धरून येते. वस्तू वाकडी असेल तर तो कोपरा हवेत असतो, रेघेवर नसतो. मग ऑपरेटर डोळ्याच्या अंदाजाने ठेवतो. अंदाजाने ठेवलेला योक अर्धी सूत सरकला तर पडद्यावर दिसत नाही, शिलाई मशीनवर दिसतो. त्यावर इलाज कंट्रोल, शिफ्ट आणि सी एकत्र दाबणे. मग सॉफ्टवेअर आधी विचारते, कोणता बिंदू धरू? मध्यरेषेचे टोक दाखवा. दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये तोच बिंदू जिथे बसायला हवा तिथे टिचकी. काम चोख. माझ्या मते शिकवणाऱ्याने साधे कंट्रोल-सी नंतर आणि हे आधी शिकवावे.

जुन्या ड्रॉइंगमध्ये वस्तू ज्या जागी होती अगदी त्याच जागी नव्या ड्रॉइंगमध्ये हवी असेल तर पेस्टओरिग नावाचा आदेश आहे. तो फक्त दुसऱ्या ड्रॉइंगमधून उचललेल्या वस्तूला लागू होतो, त्याच ड्रॉइंगमध्ये चालत नाही. एका साइजवर दुसरा साइज ठेवून ग्रेडिंग तपासायला तो फार कामाचा. अठ्ठावीसपासून छत्तीसपर्यंतचे पाच साइज मध्यरेषेवर एकावर एक ठेवले की कुठली रेघ उगाच बाहेर गेली ते चटकन दिसते. अट एवढीच, की पाचही ड्रॉइंग काढताना मध्यरेषा एकाच ठिकाणी धरलेली असावी.

पेस्ट केल्यावर एक माप मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. ऑटोकॅडला आकडे कळतात, इंच आणि मिलिमीटर आपण सांगितले तरच कळतात. एका ड्रॉइंगमध्ये इंच आणि दुसऱ्यात मिलिमीटर असतील आणि एककाची नोंद चुकीची असेल तर वस्तू २५.४ पट लहान किंवा मोठी बसू शकते. एवढा मोठा फरक डोळ्यांना दिसतो. सेंटिमीटर-मिलिमीटरचाही दिसतो. पण फर्मा आधीच कोणी थोडा ताणलेला असेल तर ते दिसत नाही. डीआय टाइप करून दोन टोके दाखवा, अंतर समोर येते. दहा सेकंदांचे काम आहे.

इथवर झाली साधी नक्कल. खरा फायदा ब्लॉकचा. बी टाइप करून आकृतीला नाव दिले की ती एक वस्तू होते. डब्ल्यू टाइप केले की ती स्वतंत्र फाइल म्हणून जपता येते. आय टाइप करून हवी तिथे बसवता येते. कंट्रोल आणि २ दाबले की डिझाइन सेंटर उघडते. त्यात दुसरे ड्रॉइंग न उघडताही त्यातले ब्लॉक पाहता येतात आणि ओढून आणता येतात. कंट्रोल आणि ३ ने आपल्या नेहमीच्या वस्तूंची पट्टी बाजूला ठेवता येते. म्हणजे भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेले फर्मेच, फक्त पडद्यावर.

ब्लॉकचे मोल दुरुस्तीच्या दिवशी कळते. एका मार्करमध्ये तीस खिसे साध्या नकलेने बसवले आणि नंतर गिऱ्हाईक म्हणाले, खिसा पाव इंच खोल करा, तर तीस वेळा दुरुस्ती. तेच खिसे ब्लॉक म्हणून बसवले असतील तर एकदा मूळ ब्लॉक उघडून रेघ हलवली की तीसही बदलतात. स्केचपॅडची ती करामत हीच. लक्षात ठेवावे की हा बदल त्या एका ड्रॉइंगपुरता असतो. जुन्या ऑर्डरच्या फाइलींमधला खिसा तसाच राहतो, आणि ते बहुतेक वेळा चांगलेच असते. अनेक ड्रॉइंगमध्ये एकदम बदल हवा असेल तर फाइल बाहेरून जोडण्याची पद्धत आहे, तिला एक्सरेफ म्हणतात. पण मग जोडलेली फाइल सोबत द्यायला विसरलात तर प्लॉटरवाल्याच्या दुकानात तो भाग उघडतच नाही. लहान कारखान्याने या फंदात पडू नये असे माझे मत आहे. ब्लॉक पुरतो.

ब्लॉकचाही एक सापळा आहे आणि तो सर्वांत महाग पडणारा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुम्ही एका ड्रॉइंगमधून खिसा नावाचा ब्लॉक उचलला आणि दुसऱ्यात पेस्ट केला. दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये आधीपासून खिसा नावाचाच वेगळा ब्लॉक असेल तर काय व्हावे? आपल्याला वाटते नवा यावा. येतो जुना. ज्या ड्रॉइंगमध्ये पेस्ट करतो त्यातली व्याख्या टिकते, बाहेरून आलेली सोडून दिली जाते. मोठा गजर होत नाही. पडद्यावर खिसा दिसतो, ऑपरेटर समाधानी.

आपल्या भागातल्या एका छोट्या कारखान्यात असेच झाले. मागच्या खिशावर सहा इंचांच्या हिशेबाने एम्ब्रॉयडरी करून आणली होती आणि मार्करमध्ये मागच्या वर्षीचा साडेपाच इंचांचा खिसा बसला. कापड कापले गेले, खिशाचे तुकडे बंडलात बांधले गेले, आणि लाईनवरच्या बाईने पहिला खिसा हातात घेतल्यावर म्हणाली, "मास्टरजी, फूल शिलाईत जातंय." मास्टरने ऑपरेटरला बोलावले. तो म्हणाला, "मास्टरजी, मी तर नवाच टाकला होता." आणि तो खरे बोलत होता. नुकसान तसे मोठे नव्हते, पण माल चार दिवस अडकला आणि चार दिवस अडकलेला माल सीझनमध्ये काय करतो हे मार्केटवाल्यांना सांगायला नको.

इलाज साधा आहे. ब्लॉकला नुसते खिसा, बाही, बेल्ट असे नाव देऊ नये. नावातच साइज, पार्टी आणि महिना यावा. दुसरा इलाज कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही. याने उचललेल्या वस्तूंचा ब्लॉक म्हणून पेस्ट होतो आणि सॉफ्टवेअर त्याला स्वतःच एक विचित्र, आकडे-अक्षरांचे नाव देते. घाईत ठीक आहे. पण अशी विचित्र नावे साठत गेली की सहा महिन्यांनी कुठला ब्लॉक कशाचा हे कोणालाच सांगता येत नाही. घाईचे काम संपले की नाव बदलून ठेवावे, नको असलेले पीयू आदेशाने झाडून टाकावे.

असाच घोळ लेयरचा. कटिंग टेबलावरचा कापडाचा लेयर वेगळा, हा ड्रॉइंगमधला. लेझर किंवा कटिंग मशीनवाले अनेकदा रंगावरून ठरवतात की कुठली रेघ कापायची आणि कुठली नुसती खूण करायची. तुमच्या ड्रॉइंगमध्ये कट नावाचा लेयर लाल आहे, त्याच्याकडे त्याच नावाचा लेयर निळा आहे. पेस्ट केल्यावर तुमच्या रेघा त्याच्या रंगाने येतात. लाल म्हणजे काप, निळे म्हणजे खूण असे ठरले असेल तर मशीन रेघ मारून निघून जाईल, तुकडा सुटणारच नाही. उलट झाले तर खुणेच्या जागी काप. म्हणून दुसऱ्याच्या दुकानात फाइल नेताना रंगांचा करार कागदावर लिहून न्यावा.

जीन्स आणि पँटवाल्यांसाठी आणखी दोन गोष्टी.

पहिली, जोडीची. उजवा पाय आणि डावा पाय एकमेकांचे आरसे आहेत. कापड समोरासमोर घालून थर लावले तर एकच फर्मा दोन्ही बाजू देतो. पण सगळे थर एकाच बाजूने वर तोंड करून घातले तर मार्करमध्ये उजवा आणि डावा दोन्ही स्वतंत्र लागतात. इथे सीओ चालत नाही, एमआय म्हणजे मिरर लागतो. नकलेच्या बटणाची सवय लागलेला मुलगा दोन डावे पाय ठेवून देतो, आणि पडद्यावर ते दोन पायच दिसतात. मार्कर पास करताना मालकाने डावे-उजवे मोजावेत. नकलेला फिरवतानाही सांभाळावे. कॉर्डरॉय, मखमल अशा एका दिशेच्या कापडात तुकडा उलटा फिरवला तर तयार कपड्यात रंग दोन तऱ्हेचा दिसतो. म्हणून ताण्याची दिशा दाखवणारी ग्रेन लाईन ब्लॉकच्या आतच काढावी. मग तुकडा फिरला की रेघही फिरते आणि चोरी पकडली जाते.

दुसरी, आटण्याची. धुलाईनंतर डेनिम आटतो, ताण्यात आणि बाण्यात वेगवेगळा. मागच्या कापडाचा फर्मा जसाच्या तसा नव्या कापडाला लावला तर नक्कल अचूक आणि पँट आखूड. समजा धुतल्यावर १०० सेंटिमीटर लांबी हवी आणि नमुन्याचा तुकडा धुऊन कापड ताण्यात ४ टक्के आटते असे दिसले. अनेकजण १०४ कापतात. १०४ मधून ४ टक्के गेले की उरतात ९९.८४. बरोबर हिशेब १०० भागिले ०.९६, म्हणजे १०४.१७. फरक किरकोळ वाटतो. ८ टक्के आटणाऱ्या कापडात हाच हिशेब १०८.७० येतो, १०८ नव्हे. तिथे पाऊण सेंटिमीटर जाते. ऑटोकॅडचा स्केल आदेश लांबी-रुंदी दोन्ही सारखीच वाढवतो, म्हणून तो इथे कुचकामी. ब्लॉक बसवताना मात्र आडवे आणि उभे प्रमाण वेगवेगळे देता येते. उभ्याला १.०४१७, आडव्याला जे असेल ते. एकच मूळ फर्मा आणि प्रत्येक कापडासाठी वेगळे प्रमाण, असा कारभार ठेवला तर नव्याने काढण्याची गरज उरत नाही.

यात एक काळजी घ्यावी. ब्लॉकमध्ये निव्वळ शिलाईची रेघ असावी, दाब नसावी. दाब मशीनवरच्या पट्टीने ठरते, ती कापडाबरोबर ताणायची नाही. ब्लॉक बसवून झाला की एक्स देऊन फोडावा, रेघा एकमेकींना जुळलेल्या आहेत का पाहावे, मग ओ म्हणजे ऑफसेटने दाब द्यावी.

संगणकी एम्ब्रॉयडरीवाल्यांकडे हाच प्रश्न दुसऱ्या रूपात येतो. मशीनला दिली जाणारी डीएसटी फाइल म्हणजे सुई कुठे-कुठे पडेल याची यादी. ती मोठी केली तर टाके तेवढेच राहून विरळ होतात, लहान केली तर दाटून धागा तुटतो. विल्कॉमसारख्या सॉफ्टवेअरची मूळ फाइल असेल तर आकार बदलल्यावर टाके नव्याने मोजले जातात. पंचिंग करून घेताना बहुतेकजण डीएसटी घेऊन घरी येतात आणि मूळ फाइल पंचिंगवाल्याकडेच राहते. पुढच्या वर्षी तेच फूल थोडे मोठे हवे असेल तर पुन्हा पूर्ण पंचिंगचे पैसे. ऑर्डर देतानाच दोन्ही फाइली मागाव्यात. भाव थोडा जास्त सांगितला तरी पहिल्याच वर्षी वसूल होतो.

कोरलमध्ये काम करणाऱ्यांसाठी दोन ओळी पुरेत. कंट्रोल-डीने नक्कल थोडी बाजूला पडते. आकड्यांच्या भागातले अधिकचे बटण दाबले तर नक्कल बरोबर वरच पडते. कंट्रोल-आरने शेवटची कृती पुन्हा होते. एक फूल चार इंच सरकवून नक्कल टाकली आणि मग कंट्रोल-आर दाबत राहिलात की सरळ किनार तयार.

फर्निचरचे काम करणाऱ्या सुतारभाईंना हे सगळे आणखी सोपे आहे, कारण त्यांना धुलाईनंतरच्या आटण्याचा हिशेब नाही आणि त्यांच्या वस्तू चौकोनी. कपाटाच्या बिजागरीसाठी ३५ मिलिमीटरचे भोक लागते. ते भोक, कडेपासूनचे अंतर आणि स्क्रूच्या खुणा मिळून एकच ब्लॉक करून ठेवावा. दर पल्ल्याला तो बसवायचा. सीएनसी मशीनवाल्याला फाइल दिली की तो तुमच्यापेक्षा जास्त विचार करत नाही, जे आहे ते कोरतो.

सॉफ्टवेअरच्या किमतीचा प्रश्न कोणीतरी विचारणारच. गारमेंटच्या दुनियेत फ्रान्सची लेक्ट्रा आणि अमेरिकेची गर्बर ही दोन नावे दीर्घकाळ मोठी राहिली. २०२१ साली लेक्ट्राने गर्बर विकत घेतली. ही सॉफ्टवेअर ग्रेडिंग, जोडी आणि आटण्याचा हिशेब स्वतः करतात, पण छोट्या धंद्याच्या खिशाबाहेर असतात. फुकट मिळणाऱ्यांत लिब्रेकॅड आहे. ते डीएक्सएफ फाइल वाचते, त्यात ब्लॉक आहेत, आणि नक्कल करताना धरायचा बिंदू ते आपणहून विचारते. व्हॅलेंटिना आणि सीमली ही फुकट सॉफ्टवेअर खास कपड्यांच्या फर्म्यांसाठी आहेत. त्यांत रेघ काढताना आकड्याऐवजी छाती, कंबर असे माप लिहिता येते. माप बदलले की फर्मा बदलतो. मापाचे कपडे शिवणाऱ्या दर्जीभाईंनी ती एकदा पाहावीत. चोरीचे सॉफ्टवेअर वापरण्यापेक्षा फुकटचे शिकणे केव्हाही बरे. पकडले जाण्याची गोष्ट सोडा, त्यासोबत येणारा व्हायरस तुमचे सगळे फर्मे एका रात्रीत खाऊ शकतो.

आता नाजूक विषय. आपल्या गावाच्या नावावर एक जुना विनोद आहे, मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. १९४९ साली निर्वासितांच्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तिथे शून्यातून उभ्या राहिलेल्या लोकांच्या मेहनतीवर हा विनोद अन्याय करतो. पण नकलेचा विषय निघाला की तो निघतोच. आपले काम पुन्हा वापरणे वेगळे आणि दुसऱ्याचे उचलणे वेगळे. बटण दोन्हीला तेच आहे. भारताच्या २००० सालच्या डिझाइन कायद्यानुसार नोंदवलेल्या डिझाइनला १० वर्षे संरक्षण मिळते आणि ते आणखी ५ वर्षे वाढवता येते. ज्यांची स्वतःची नक्षी चालते त्यांनी हेही लक्षात घ्यावे की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे, नोंदणी करता आली असती पण केली नाही अशा डिझाइनच्या वस्तू कारखान्यात ५० पेक्षा जास्त वेळा निघाल्या की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. आपला माल शेकड्याने निघतो. म्हणजे नोंदणी न करता, माझी नक्षी चोरली, अशी तक्रार करायला जागा फार थोडी उरते. आणि नोंदणी माल बाजारात आणण्यापूर्वी करायची असते, नंतर नाही.

याहून जवळचा प्रश्न कटिंग मास्टरचा आहे. त्याच्या पुठ्ठ्याच्या फर्म्यात तीस-तीस वर्षांचा हात असतो. मांडी कुठे सैल, आसन कुठे तिरपे, हे त्याने हजारो पँटी कापून शिकलेले असते. तो फर्मा एकदा डिजिटायझरवर चढला की मालकाला वाटते, आता मास्टरची गरज काय. काही ठिकाणी तसे झालेही आहे. माझे मत स्पष्ट आहे. मास्टरचा फर्मा मालकाकडे अमानत म्हणून आलेला असतो. तो संगणकात घालून घेताना त्याचा वेगळा मोबदला ठरवावा आणि फाइलच्या नावात मास्टरचे नाव ठेवावे. धंद्याच्या हिशेबानेही हेच बरे, कारण कापड बदलले, फॅशन बदलली की मूळ ब्लॉकमध्ये काय हलवायचे हे ऑपरेटरला कळत नाही, मास्टरला कळते. मास्टरमंडळींनाही एक सांगणे आहे. इंग्रजी येत नाही म्हणून संगणकापासून दूर राहू नका. या लेखात जेवढे आदेश आले त्यांना मिळून वीस-बावीस अक्षरे लागत नाहीत. मी स्वतः उर्दू माध्यमात शिकलो, उजवीकडून डावीकडे लिहिणारा हात. ही अक्षरे बोटांना महिनाभरात येतात. ज्याच्या हातात कात्री आणि ज्याला ब्लॉकही उघडता येतो त्याला कोणी घरी बसवू शकत नाही.

जे कारखानदार बाहेरून काम करून घेतात त्यांनी बिलावर एक ओळ लिहून घ्यावी: ड्रॉइंगची मूळ फाइल आणि डीएक्सएफ, दोन्ही ग्राहकाला दिल्या. प्लॉटरचा कागद घरी आणून फाइल दुकानातच ठेवणे म्हणजे खाका दुसऱ्याच्या पेटीत ठेवणे. दुकान बंद झाले, मुलगा नोकरी सोडून गेला, संगणक जळाला, की पुन्हा पहिल्यापासून. फाइल मिळाली की ती दोन पेन ड्राइव्हवर ठेवावी, एक कारखान्यात आणि एक घरी. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर आपल्या या पट्ट्यात एकाच जागी दोन्ही ठेवण्याचा सल्ला कोणी देणार नाही. पेन ड्राइव्ह हातात आली की दुकानातून निघण्यापूर्वी तिथेच दुसऱ्या संगणकावर ती उघडून पाहावी आणि एका तुकड्याचे माप मोजून घ्यावे.